कॉइल नसलेली मोटर

तिची दोन बोटं कायम चालत असायची. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जिन्याच्या कठड्यावर, भाजीच्या हातगाडीच्या कडेवर, बोलता बोलता समोरच्याच्या टेबलावर. एक बोट पुढे, मग मागचं उचलून त्याच्याही पुढे, मग पुन्हा पहिलं. पोरं दोन बोटांचा माणूस करून चालवतात ना, तसं. पोरं हसत चालवतात, ही तोंड गंभीर करून चालवायची. पहिल्यांदा मला वाटलं, वाताचा काहीतरी त्रास असेल, माझ्या आत्याला होता तसा. मग कळलं की बाई कामावरून घरी आली तरी तिची बोटं कामावरच राहत होती.

आमची बिल्डिंग भांडुपला, पश्चिमेच्या चढणीवर. पूर्वी चाळ होती, आता सात मजले आहेत आणि लिफ्ट आहे, ती चालते तेव्हा चालते. माझ्या शेजारच्या खोलीचा मालक ठाण्याला राहतो आणि खोली भाड्याने देतो. ती बघायला ही बाई एकटीच आली. पाठीवर सॅक, पायात बूट, केस तेल लावून घट्ट बांधलेले, वय चाळिशीच्या आसपास. सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टपाशीच उभा होता. आधी माणसाचं नाव विचारायची रीत त्याला ठाऊक नाही.

‘आडनाव काय?’

‘मी मोटरवर काम करते,’ बाई म्हणाली.

‘ते नाही. आडनाव विचारलं.’

‘ते मालकाला सांगितलंय, त्यांना चालतंय. काम मोटरवर करते. संशोधनाचं.’

मी दारात उभा राहून ऐकत होतो. मोटर म्हटल्यावर मला आत कसं राहवणार? जन्मभर मी मोटरी बांधल्या. एल.बी.एस. रोडच्या आतल्या गल्लीत वाइंडिंगच्या गाळ्यात कामाला होतो. जळलेली मोटर यायची, तिची काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची कॉइल भरायची, वार्निश मारायचं, भट्टीत सुकवायची. शाळा माझी चौथीलाच सुटली, पण माझ्या हातची मोटर तक्रार घेऊन परत आली असं सांगणारा माणूस मला आणून दाखवा. तर बाईमाणूस मोटरवर काम करतं हे ऐकून मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर संशयही आला. पुढे होऊन मी परीक्षाच घेतली.

‘सिंगल फेज की थ्री फेज?’

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. हसली नाही, हे मला आवडलं.

‘फेज नाही काका. इंधनावर चालते.’

‘डिझेल?’

‘डिझेल नाही. आपण जेवतो ना, त्यातूनच होतं ते.’

सेक्रेटरीने माझ्याकडे बघून कानाजवळ बोट गोल फिरवलं. पण आडनावाचं राहून गेलं ते गेलंच. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगीत तिचं नाव मोटरबाई पडलं. पुढे ओळख झाल्यावर तिने मला सांगितलं, ‘मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत खोल्या बघितल्या काका. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची.’ एवढंच. त्यावर ती कधी दुसरं वाक्य बोलली नाही, आणि मीही काढून घेतलं नाही.

ती मूळची मराठवाड्यातली, नांदेडकडची. बोलताना ‘करायलाव’, ‘जायलाव’ असं यायचं. मी मालवणकडचा. ती मला काका म्हणायची, मी तिला गो बाय. पण ही पुढची गोष्ट. पहिले काही महिने आमच्यात फक्त दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज होता. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, त्याचं त्याला पुरे. मी कुणाच्या दाराशी जात नाही. कुणी माझ्या दाराशी यावं म्हणून खाकरतही नाही.

मग एका रविवारी सकाळी तिने माझी बेल वाजवली. हातात थर्माकोलचा डबा. ‘काका, हे तुमच्या फ्रीजमध्ये ठेवता का? माझ्याकडे फ्रीज नाही,’ एवढं म्हणते तोच तिचा फोन वाजला, आणि ‘आलेच सर, आलेच’ करत ती जिना उतरून गेलीसुद्धा. मी झाकण उघडलं. आत बर्फ आणि बर्फात बोकडाचे भेजे. ताजे, पांढरेशुभ्र, पातेलंभर होतील इतके.

आता तुम्हीच सांगा. शेजारीण रविवारी सकाळी भेजे आणून हातात ठेवते. एकटी बाई. घरात फ्रीज नाही, रांधायला भांडी किती असतील देव जाणे. मालवणी माणूस याचा अर्थ काय घेणार? मला वाटलं, बाईला रांधून पाहिजे पण सांगायला लाजते. मी कांदा बारीक चिरला, आलं-लसूण वाटलं, बहिणीने पाठवलेला मसाला डब्याच्या तळाशी होता तो काढला. किती दिवसांनी त्या शेगडीवर काहीतरी मनापासून शिजत होतं.

ती परत आली तेव्हा वास लिफ्टपर्यंत गेलेला होता. दारातच तिने विचारलं, ‘काका, डबा?’

‘डबो धुवन ठेवलंय. बस, भाकरी टाकतंय.’

तिने कढईत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही माझे रस्ते शिजवलेत.’

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिची मोटर म्हणजे काय भानगड आहे. आपल्या अंगातल्या एकेका पेशीत म्हणे बारीक नळ्यांचं जाळं असतं. तोच पेशीचा सांगाडा आणि तेच तिचे रस्ते. त्यांवरून माल डोक्यावर घेऊन दोन पायांनी चालणारा बारीकसा कण, तीच तिची मोटर. मेंदूत हे रस्ते भरपूर, कारण तिथल्या मज्जातंतूंच्या पेशी लांबच लांब असतात आणि एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला न्यावा लागतो. म्हणून ती पहाटे देवनारच्या कत्तलखान्यात जाऊन बोकडांचे ताजे मेंदू आणायची, आणि संस्थेत ते वाटून, गरागरा फिरवून त्यातून त्या नळ्यांचा माल वेगळा काढायची. त्या दिवशी तिथलं फिरवायचं मशीन बिघडलं होतं आणि मेकॅनिक दुपारी येणार होता. तोपर्यंत भेजे बर्फात राहायला हवे होते.

‘मग तसा सांगूक होया,’ मी म्हटलं.

‘फोन आला ना.’

‘फोन मोठो की मेंदू मोठो?’

तेव्हा तिच्या तोंडावर जरा हसू आलं. मला वाटलं होतं, उठून जाईल. ती म्हणाली, ‘आता झालंच आहे तर वाढा. रस्ते कसे लागतात ते तरी कळू दे.’ जेवली. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं तरी भाकरी मागून घेतली. पुढच्या रविवारी पहाटे बिचारी पुन्हा देवनारला गेली, पण डबा पुन्हा माझ्या हातात दिला नाही. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा मात्र माझ्याकडे ठरून गेला.

तिचं काम अंधाऱ्या खोलीत. मोटरला चमकणारा रंग लावायचा आणि काळोखात सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या पडद्यावर ठिपका हलतो का ते बघत बसायचं. ‘तिथं बोलतही नाही आम्ही,’ ती सांगायची. ‘टेबलाला धक्का लागला तर सगळंच हलतं. मग मोटर चालली की टेबल हललं, कळंना होतं.’ त्यामुळे संध्याकाळी चहाला आली की पहिला शब्द काढताना तिला घसा खाकरावा लागायचा. मलाही लागायचा. मीही सकाळपासून कुणाशी बोललेलो नसायचो. एकदा दोघांनी एकदमच खाकरलं. चहा ओतल्याचा आवाज तेवढा झाला.

मोटर या शब्दावरून माझं आणि तिचं जमलं नाही ते नाहीच. माझं म्हणणं एकच, ज्याला कॉइल नाही ती मोटर नव्हे.

‘अगो, तार नाय, कॉइल नाय, फिरत नाय. दोन पायांनी चालता आणि डोक्यावरून माल व्हावता. तो हमाल. सरळ हमाल म्हण.’

‘हमाल मजुरी घेतो ना काका?’

‘मग? फुकट व्हावतलो?’

‘ही पण घेते. एका पावलाला एक घास इंधन. घास दिला नाही तर पाऊल नाही. उधारी नाही.’

‘म्हणजे हमालच.’

‘बरं, हमाल,’ म्हणायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मोटर. मीही पुन्हा टोकायचो. तो आमचा रोजचा चहाबरोबरचा खारीचा तुकडा होता म्हणा ना.

रस्त्यांबद्दल मात्र ती बोलायला लागली की मी टोकत नसे. तिचे रस्ते हाडांसारखे कायमचे नव्हते. एका टोकाला बांधत जायचं, मग मध्येच अख्खा रस्ता कोसळायचा, त्याच मालातून दुसरीकडे नवा उभा राहायचा. ‘म्हणजे आमचो भांडुपचो रस्तो,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘तसाच. फक्त तिथं खोदण्याला काहीतरी कारण असतं.’ आणि अलीकडेच लोकांच्या लक्षात आलेली एक गोष्ट तिने सांगितली होती. मोटर चालून चालून रस्त्याची वीट निखळते. आणि तिथेच आसपास तरंगणारी दुसरी वीट आपण होऊन त्या खड्ड्यात जाऊन बसते. म्हणजे ज्या चालण्याने रस्ता झिजतो त्याच चालण्याने तो ठिकठिकाणी नवा होत जातो. हे सांगताना तिची बोटं माझ्या ताटाच्या काठावर चालत होती. मी ताट हलवलं नाही.

मोटरचीच आणखी एक जात होती, उलट्या दिशेने जाणारी. ही एकटी असली तर अगदी दुबळी. समोरून ताकदवान मोटर ओढायला लागली की हार मानायची. पण पाच-सात जणी एकाच ओझ्याला लागल्या की त्या ताकदवानालाही खेचून नेतात. ‘युनियन!’ मी टाळी वाजवून म्हटलं. आमच्या गाळ्यात युनियन कधी झाली नाही, मालक बांधायलाच देत नव्हता, म्हणून मला त्याचं जास्तच कौतुक. ‘मग तू ह्या युनियनवाल्यांवर का नाय काम करीत?’

‘माझी एकटी चालणारी आहे काका,’ ती म्हणाली.

आता जी गोष्ट आमच्या दोघांच्याही मानेवर बसली होती ती सांगतो. बाईची नोकरी कायमची नव्हती. मार्चपर्यंतची होती. तोपर्यंत तिची मोटर चालली तर तिचे सर मुदत वाढवून देणार होते. नाही चालली तर संस्था सुटणार, आणि संस्था सुटली की भांडुपची खोलीही सुटणार. आणि मोटर काही केल्या चालत नव्हती.

का चालत नव्हती तेही तिने मला करून दाखवलं. खुर्ची मी तिला देत असे पण ती स्टुलावरच बसायची. त्या स्टुलावर ती वाकली, डोकं गुडघ्यात घातलं, हातांनी पाय आवळून घेतले. ‘ओझं नसलं की ही अशी घडी करून बसते,’ तिचा आवाज गुडघ्यांतून आला. ‘उगाच इंधन जाळत नाही. ओझं घेऊन कुणीतरी यावं लागतं, त्याने नेमक्या जागी हात लावावा लागतो. मग ही उलगडते आणि चालायला लागते. तो कोण, तेच मला सापडंना झालंय.’

‘कामचोर मेली.’

‘कामचोर नाही काका,’ ती डोकं वर काढून म्हणाली. ‘वाट बघायलीय.’

मी म्हटलं, बेअरिंग जाम असेल, ग्रीस घाल. माझा हा सल्ला तिने दर आठवड्याला ऐकून घेतला. एकदाही ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणाली नाही. फार तर म्हणायची, ‘उद्या घालून बघते.’

तो हिवाळा असाच गेला. ती संध्याकाळी यायची, मी विचारत नसे. विचारायचं कशाला? चेहऱ्यावर दिसतच होतं. रोज आठच्या सुमारास तिच्या आईचा फोन यायचा आणि भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, ‘जेवले ना मी. भाजी-भाकरी. व्हय, झोपायलेच आता.’ स्वयंपाकाचा वास तर आलेला नसायचा. मग मी वाटीत काहीतरी घालून तिचं दार ठोठावायचो आणि म्हणायचो, ‘जास्त झाला, टाकूचा कशाक.’ मीही खोटं बोलत होतो, तीही. पुण्याहून मुलाचा फोन आला की मीसुद्धा ‘मजेत आहे’ म्हणतो. पण मी मनातल्या मनात त्या मोटरच्या मागे लागलो होतो. चाल गो, चाल एकदाची. मला त्या विज्ञानाचं काही पडलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. मला एवढंच हवं होतं की मार्चनंतरही संध्याकाळी भांडायला कुणीतरी असावं.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी तीनला बेल वाजली. ती दुपारी कधीच यायची नाही, म्हणून मला वाटलं सेक्रेटरी असेल. दार उघडलं तर ही. आत आली, टेबलावर मी वाचत असलेला पेपर पसरलेला होता. त्या पेपरवर तिने दोन बोटं ठेवली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत न थांबता चालवत नेली.

‘उलगडली,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘माझी. आणि चालली काका. टोकापर्यंत चालली. एक नाही, रांगच्या रांग.’

‘ग्रीस घातलंस?’

ती हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. ‘व्हय काका, ग्रीसच म्हणा. हात लावणारा सापडला.’

म्हणजे मी सांगत होतो तेच झालं. पण मी ते बोलून दाखवलं नाही. मासळी बाजारात गेलो, सुरमई आणली. येता येता फर्निचरवाल्याकडून दुसरी खुर्चीही घेऊन आलो. त्या रात्रीच्या जेवणाला ती पहिल्यांदा स्टूल सोडून खुर्चीवर बसली. सरांनी शब्द दिला होता. मोटर चालली होती. मी मनाने पुढची दिवाळी पक्की धरून टाकली.

सगळं लिहून काढायला, चित्रं लावायला तिला महिना लागला. या कामात पहिलं छापून येण्याला किंमत असते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मोटर चालली म्हणजे चालली, गिऱ्हाईक घेऊन जाईल.

एका संध्याकाळी ती आली आणि चहा पुढे ठेवला तरी कप उचलेना. मी म्हटलं, ‘साखर कमी झाली?’

‘कुणीतरी छापलं काका.’

‘काय?’

‘हेच. हीच मोटर. हात लावणारा तोच. बाहेरदेशी एका ठिकाणी. आज सकाळी आलं.’

माझं डोकं फिरलं. ‘चोरल्यानी! तुझ्या सरांका सांग, केस घाल.’

‘चोरलं नाही. त्यांनी माझं बघितलं नाही, मी त्यांचं बघितलं नाही. त्यांचंही हेच चाललेलं असणार, आमच्यासारखंच, अंधारात बसून. दोन ठिकाणी दोघांनी वेगवेगळं केलं आणि दोघांना एकच दिसलं. म्हणजे ते खरं आहे काका. आता कुणी म्हणू शकणार नाही की टेबल हललं होतं.’

‘मग तू रडतंस कशाक?’

‘खरं असलं म्हणून काय रडू नये?’

मी उठून गॅस चालू केला आणि गार झालेला चहा पुन्हा उकळत ठेवला. तो उतू गेला.

तिच्या सरांनी शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. ती स्वतःच मला म्हणू देत नसे. दुसऱ्या नंबरच्या कामासाठी मुदत वाढवून मिळत नाही, वर कुणीतरी तसं ठरवलेलं असतं. ‘त्यांनी प्रयत्न केला,’ ती म्हणायची. मी म्हणायचो, ‘प्रयत्न माझी भैणसुदा करता.’ तिने आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं. वय विचारलं गेलं, मग काहीच विचारलं गेलं नाही. शेवटी नांदेडकडच्या एका कॉलेजात शिकवायचं ठरलं, तासिकेवर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच तुम्ही मास्तर. तिथे तसला सूक्ष्मदर्शक नाही, अंधारी खोली नाही. ‘फळ्यावर काढून दाखवीन,’ ती म्हणाली. आज ती तेच करते. रविवारी कधी फोन करते, आणि मी मोटरला हमाल म्हटलं की अजून भांडते.

पण मला सांगायचंय ते तिच्या संस्थेतल्या शेवटच्या दिवसाचं.

त्या सकाळी तिने मला सांगितलं, ‘काका, चला. तुम्ही बघितली नाही अजून.’ मी नको म्हटलं. माझे कपडे, माझे गुडघे, काहीही कारण काढलं. ती दारात उभीच राहिली. मग मी इस्त्रीचा शर्ट घातला.

रिक्षाने गेलो. गेटवर वॉचमनने अडवलं. ‘हे कोण, मॅडम?’ मला वाटलं आता ही शेजारी म्हणेल, काका म्हणेल. ती म्हणाली, ‘मोटरचे मिस्त्री आहेत.’ वॉचमनने मला खालून वर न्याहाळलं. ‘अवजारं नाही आणली?’ मी म्हटलं, ‘आधी बघतो, मग आणतो.’ त्याने सोडलं.

आत झाडं होती, लांब लांब पॅसेज होते, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिची खोली खरोखर अंधारी, आणि एसीमुळे थंडगार. तिने माझ्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि मला पडद्यासमोर बसवलं. मग काचेच्या पट्टीवर थेंब सोडताना मला म्हणाली, ‘आज इंधन थोडंच घातलंय. उरलं होतं तेवढं.’

पडद्यावर काळोख. त्यात लाल रेघा, विस्कटलेल्या, वाळूवर काड्या टाकाव्यात तशा. ते तिचे रस्ते. मी बघत राहिलो. आणि मग एका रेघेवर हिरवा ठिपका दिसला, आणि तो चालला.

मी मोटरी फिरताना आयुष्यभर बघितल्यात. नवी कॉइल भरलेली मोटर पहिल्यांदा चालू केली की एक गुरगुर होते, ती हाताला कळते. इथे आवाज नव्हता. हाताला काही कळत नव्हतं. पण ठिपका चालला होता, सरळ, एकटा, न रेंगाळता, जसं कुणी त्याची पलीकडे वाट बघतंय. मग दुसरा. मग त्या रेघेवर, बाजूच्या रेघेवर, सगळीकडे. बोकडाच्या भेज्यातल्या रस्त्यांवर. मी पडद्याच्या इतका जवळ गेलो की तिने मला हळूच मागे ओढलं.

‘ही सगळी तुझी?’

‘माझी.’

‘आणि माझ्या आत पण हा असा चाललंय? आता?’

‘आता. तुमच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत.’

मग मला जाणवलं की ठिपके सावकाश झालेत. एक पाऊल, मग थांबणं, मग पाऊल. इंधन संपत आलं होतं. एक थांबला. दुसरा थांबला. हळूहळू सगळेच थांबले, कुणी रस्त्याच्या मध्ये, कुणी अगदी टोकाजवळ येऊन.

‘घाल गो आणखी थोडा.’

‘नाही काका. तेवढंच होतं. आणि आता हे मशीन दुसऱ्यांना द्यायचं आहे.’

मी वाट बघत होतो, आता ते गळून पडतील म्हणून. चालायची ताकद नाही म्हटल्यावर पडायलाच पाहिजे. पण ठिपके हलले नाहीत, पडलेही नाहीत. जिथे होते तिथे रेघेवर.

‘हे पडतत कित्याक नाय?’

ती माझ्या बाजूला उभी होती. अंधारात तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

‘इंधन लागतं ते पाय सोडवायला, काका,’ ती म्हणाली. ‘धरून ठेवायला लागत नाही.’

तिने दिवा लावला. मशीन बंद करून त्यावर कापड घातलं, ते चारी बाजूंनी सारखं केलं. काचेची पट्टी कुठल्याशा डब्यात टाकली. किल्ली एका मुलीच्या टेबलावर ठेवली, ती जागेवर नव्हती. मग आम्ही निघालो.

गेटवर तो मघाचाच वॉचमन होता. ‘काय मिस्त्री,’ त्याने हाक मारली, ‘झाली का मोटर चालू?’

ती माझ्या दोन पावलं पुढे होती. तिने ऐकलं, पण मागे वळली नाही.

‘चालली,’ मी म्हटलं. ‘चांगली चालली.’